रात्रीचा घाम काय सांगतो?

घाम कोणाला येत नाही? नांगर धरणाऱ्याला येतो. हमालाला येतो. चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला येतो. हा कष्टाचा घाम. त्याची कोणी काळजी करीत नाही, आणि करूही नये.

पण काही वेळा माणूस काम करीत नसतो. स्वस्थ झोपलेला असतो. मध्यरात्री जाग येते तर उशी ओली, अंगातला सदरा पिळून काढावा असा भिजलेला. कपडे बदलून तो पुन्हा झोपतो. दुसऱ्या रात्री तेच. चार दिवसांनी पुन्हा तेच. असा घाम वरचेवर येऊ लागला, तर शरीर आपल्याला काहीतरी सांगत आहे असे समजावे. ते काय सांगते, हे या धड्यात पाहू.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. रात्रीचा घाम हा रोग नव्हे. ती एक खूण आहे. रानात धूर दिसला, तर तो कधी चुलीचा असतो, कधी गवताची गंजी पेटल्याचा असतो. धूर दिसला म्हणून शहाणा माणूस ओरडत सुटत नाही. पण तो पाठ फिरवून झोपतही नाही. तो उठतो आणि धूर कुठून येतो ते पाहून येतो. घामाचेही तसेच आहे.

१. घाम का येतो?

उन्हाळ्यात आपण माठ भरून ठेवतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपते. ते हवेत उडून जाते, आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. आपले शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. अंग तापले की कातडीतून घाम झिरपतो. तो वाळतो, तसे अंग गार होते.

हे काम कोण चालवतो? मेंदू. अंग किती ऊन ठेवायचे हे मेंदू ठरवतो. आजाराचे जंतू शरीरात शिरले, की त्यांच्याशी लढण्यासाठी मेंदू अंग जास्त तापवतो. त्यालाच आपण ताप म्हणतो. मग काही वेळाने ताप उतरतो. उतरताना ती जादा उष्णता बाहेर टाकावी लागते. तेव्हा घाम सुटतो. निरोगी माणसाचे अंगही संध्याकाळी थोडे जास्त ऊन असते आणि रात्री निवते. म्हणून संध्याकाळी बारीक ताप आणि रात्री घाम, अशी जोडी पुष्कळ आजारांत दिसते.

२. उकाड्याचा घाम कोणता, आजाराचा कोणता?

आपल्या भागात हा प्रश्न सोपा नाही. उल्हासनगर कसे वसले ते आठवून पाहा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. कॅम्प १ ते कॅम्प ५ ही नावे त्या छावणीचीच आठवण आहेत. पुढे वस्ती वाढत गेली. सुमारे १३ चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

एवढ्या दाटीत मोकळी हवा कुठून येणार? कॅम्प २ मध्ये एका खोलीत कुटुंब राहते. कुठे वर पत्रा, कुठे पोटमाळा. भिंतीला भिंत लागलेली. आसपासच्या गावांतून येथे कामाला येणारे गडी दिवसभर बंद खोलीत शिवणयंत्रावर बसतात. शिवाय आपली हवा दमट. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आणि पावसाची उघडीप पडली की सगळ्यांच्याच उशा ओल्या होतात.

मग ओळखायचे कसे? स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: घाम सगळ्यांना येतो, की मला एकट्याला? त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली बाकीचे कोरडे झोपले असतील आणि तुम्ही एकटेच भिजत असाल, तर तो उकाड्याचा घाम नव्हे.

दुसरा प्रश्न: पांघरूण काढले, खिडकी उघडली, पंखा लावला, की घाम थांबतो का? थांबला तर कारण खोलीत आहे. थांबला नाही तर कारण अंगात आहे.

तिसरा प्रश्न: घामाबरोबर आणखी काही आहे का? खोकला आहे? संध्याकाळी कणकण येते? भूक मेली आहे? वजन घटले आहे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घाम एकटा आला तर बहुधा पाहुणा असतो, चार दिवसांनी जातो. सोबतीला टोळी घेऊन आला, तर लगेच चौकशी करावी.

३. समजा, एक शिंपी आहे

समजा, म्हारळ गावचा एक गडी आहे. वय पस्तीस. कॅम्प २ मधल्या एका कारखान्यात तो शिलाईचे काम करतो. दिवाळी होऊन गेली आहे. रात्री हवेत गारवा आहे. पहाटे त्याची बायको त्याला हलवून जागे करते.

“अहो, उशी पुन्हा ओली झाली बघा. या आठवड्यातली ही चौथी रात्र.”

“उकडतंय ना.”

“उकडतंय कुठं? पोरं गोधडी ओढून झोपलीत. मला घाम नाही, आईंना नाही. तुम्हालाच कसा येतो?”

“अंगात उष्णता झाली असेल. सब्जा भिजत घाल.”

“सब्जा आठ दिवस घेताय. अन् खोकला किती दिवसांचा झाला?”

“तो कापडाच्या धुळीचा. कारखान्यात सगळेच खोकतात.”

“सगळ्यांच्या विजारी सैल होतात का? गेल्या महिन्यात पट्ट्याला नवं भोक पाडलंत तुम्ही.”

“अगं, दवाखान्यात गेलो तर खाडा पडेल. एका दिवसाची मजुरी जाईल.”

“एक खाडा पडला तर पडू दे. उद्या अंथरुणाला खिळलात तर सगळेच खाडे. मग कोण बघणार?”

ही बाई डॉक्टर नाही. पण तिने चार गोष्टी नीट पाहिल्या. घाम एकट्याला येतो. तो वरचेवर येतो. खोकला थांबत नाही. वजन घटते आहे. या चार गोष्टी एकत्र आल्या, की एका आजाराची शंका घ्यावी लागते. तो आजार म्हणजे क्षय. त्यालाच लोक टीबी म्हणतात.

शंका म्हणजे खात्री नव्हे. हे दुसऱ्या कारणानेही होऊ शकते. पण शंका आली की तपासणी करायची. तपासणीवाचून सब्जा, गुलकंद, अंगारे-धुपारे, नाहीतर दुकानातली खोकल्याची बाटली यांत दिवस गेले, की आजार आत वाढत राहतो. तो घरच्या माणसांनाही लागतो.

४. क्षय म्हणजे काय?

क्षय हा जंतूंमुळे होतो. तो पापाने होत नाही, नजर लागून होत नाही, घराण्याच्या दोषानेही होत नाही. रोबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी २४ मार्च १८८२ रोजी हे जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, शिंकला, की त्याच्या तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यांत जंतू असतात. बंद खोलीत ते बराच वेळ हवेत तरंगतात. दुसरा माणूस श्वास घेतो आणि जंतू त्याच्या छातीत जातात. म्हणून दाटीची खोली आणि बंद खिडकी ही क्षयाची आवडती जागा. ताट, पेला, कपडे किंवा हात लावणे यांतून क्षय पसरत नाही.

जंतू अंगात गेला म्हणजे प्रत्येक जण आजारी पडतो असेही नाही. पुष्कळांच्या शरीरात तो झोपून राहतो. माणूस अशक्त झाला, पोटाला नीट मिळेनासे झाले, साखरेचा आजार जडला, दारू-विडीने शरीर पोखरले किंवा एचआयव्हीची लागण झाली, तर तो जागा होतो. फुप्फुसाचा क्षय सर्वांत अधिक. पण नखे आणि केस सोडले तर शरीरात कुठेही क्षय होऊ शकतो. मानेतल्या गाठी, हाडे, पोट, बायकांचे गर्भाशय, कुठेही. अशा वेळी खोकला नसतो. नुसता घाम, कणकण आणि वजन घटणे एवढेच दिसते.

जगात क्षयाचे जे रोगी आहेत, त्यांतला चारांत साधारण एक भारतात आहे. म्हणजे हा आजार आपल्यापासून दूर नाही.

५. कल्याणच्या आनंदीबाई

उल्हासनगर स्टेशनवरून मुंबईकडे निघाले, की विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. त्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी एक मुलगी जन्मली. पुढे ती आनंदीबाई जोशी या नावाने प्रसिद्ध झाली. लहान वयात लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते थोड्याच दिवसांत दगावले. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, असे आनंदीबाईंनी मनाशी धरले. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती.

पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

विचार करा. आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या. क्षयाचे जंतू सापडून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. पण त्या जंतूंना मारणारे औषध जगात कुठेच नव्हते. क्षयावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली सापडले. त्यानंतर आणखी गोळ्या निघाल्या. पुढे १९५६ पासून मद्रासला एक मोठा प्रयोग झाला. काही रोग्यांना रुग्णालयात ठेवून औषध दिले, काहींना घरी ठेवून दिले. १९५९ साली निकाल आला. घरी राहून नियमाने औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. तेव्हापासून क्षयाच्या रोग्याला घरदार सोडून दूर डोंगरावर जाऊन राहण्याची गरज उरली नाही.

आनंदीबाईंच्या काळी विद्या होती, औषध नव्हते. आज औषध आपल्या दाराशी आहे. आज उशीर होतो तो फक्त आपल्या लाजेमुळे आणि आळसामुळे.

६. तपासणी कशी होते?

क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आपल्या भागात उल्हासनगर कॅम्प ३ मध्ये शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असते. कुठे जावे हे कळत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा. सरकारने फुकट फोनचा क्रमांकही ठेवला आहे: १८००-११-६६६६.

दवाखान्यात थुंकी, म्हणजे खरे तर बेडका, तपासतात. छातीचा एक्स-रे काढतात. बेडक्याची यंत्रावरही तपासणी होते. कोणते औषध लागू पडेल आणि कोणते पडणार नाही, हेही त्यातून कळते.

बेडका देणे ही साधी गोष्ट, पण पुष्कळ जण चुकतात. नुसती लाळ थुंकून देतात. लाळेत जंतू सापडत नाहीत, आणि रोग असूनही “काही नाही” असा निकाल येतो. म्हणून असे करा:

पाण्याने चूळ भरा.
उघड्या हवेत जा. घरात किंवा माणसांत नको.
दोनतीन वेळा खोल श्वास घ्या.
छातीतून जोराने खोकून बेडका काढा.
तो डबीत टाका आणि झाकण घट्ट लावा.

दोन नमुने मागितले तर एक दवाखान्यात त्याच वेळी द्या. दुसरा सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वी काढा. सकाळचा बेडका तपासायला चांगला.

७. औषध पुरे घ्या

आपला शिंपी शेवटी बायकोचे ऐकून गेला असे समजा. बेडक्यात जंतू सापडले. डॉक्टरांनी सांगितले, “सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. एकही दिवस चुकवायचा नाही.” साध्या क्षयाला बहुधा सहा महिने लागतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. गोळ्या किती, ते वजनावरून ठरते.

औषधाने लघवी तांबूस होते. घाबरू नये, तो औषधाचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, ओकाऱ्या थांबेनात, दिसायला अंधुक झाले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

आता खरी कसोटी येते. महिना-दीड महिना गेला की घाम थांबतो, खोकला कमी होतो, भूक लागते. माणसाला वाटते, झालो बरा. गोळ्या सुटतात. पण जंतू अजून मेलेले नसतात. शेतातले तण वरवर कापले, मुळे राहिली, तर पहिल्या पावसात ते पुन्हा उगवते. उरलेले जंतू असेच पुन्हा वाढतात, आणि कधी इतके निबर होतात की पहिल्या गोळ्यांना दाद देत नाहीत. मग जास्त कडक औषधे घ्यावी लागतात. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या पुऱ्या घ्या. डॉक्टर थांबा म्हणतील तेव्हाच थांबा.

रोग्याला पोटभर अन्न हवे. डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मासळी, जे परवडेल ते. यासाठी सरकार मदत देते. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा रोग्याला महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. आपल्या नावाची नोंद झाली की नाही, हे दवाखान्यात विचारून घ्यावे.

घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी, लहान मुलांची तर आधी. आजार नसलेल्यांनाही, तो होऊ नये म्हणून डॉक्टर औषध देतात.

८. घामाची दुसरी कारणे

रात्रीचा प्रत्येक घाम क्षयाचा नसतो. दुसरी कारणेही ओळखून ठेवा.

हिवताप: आधी हुडहुडी भरते. मग ताप चढतो. मग दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. कधी हे दिवसाआड होते. ताप उतरला म्हणून रोग गेला असे नव्हे. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

पाळी जाण्याचे वय: साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षांच्या बायकांना अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होते आणि घाम फुटतो. हा रोग नव्हे. फार त्रास होत असेल तर बाई डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय आहेत. मात्र सोबत ताप, खोकला असेल किंवा वजन घटत असेल, तर वयावर ढकलू नये.

साखरेचा आजार: मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेतले आणि रात्री जेवण चुकले, तर रक्तातली साखर फार उतरते. मग घाम, थरथर, धडधड, भूक आणि गोंधळल्यासारखे होते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीनचार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे.

औषधे आणि दारू: तापाची गोळी घेतली की घाम येऊन ताप उतरतो. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही घाम येतो. रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली की घाम आणि कापरे भरते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी.

गाठी: मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली, ती जात नाही आणि रात्री घाम येतो, तर गाठ दाखवावी. ती क्षयाची असू शकते, कधी कर्करोगाचीही असते. लवकर कळले तर दोन्हींवर उपचार होतात.

कच्चे दूध: गुरांच्या एका आजाराचे जंतू न तापवलेल्या दुधातून माणसाला लागतात. त्यानेही ताप, घाम आणि सांधेदुखी होते. दूध तापवूनच प्यावे. गुरे सांभाळणाऱ्याने डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

९. केव्हा जावे?

त्याच क्षणी जावे: छातीत दुखून थंडगार घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, तर ही हृदयविकाराची खूण असू शकते. सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी मागवावी. खोकल्यातून रक्त पडले तरी थांबू नये.

त्याच दिवशी जावे: थंडी वाजून जोराचा ताप आला, किंवा गरोदर बाईला ताप आणि घाम आला.

दोन आठवड्यांच्या आत जावे: घाम वरचेवर येतो, किंवा खोकला, बारीक ताप, वजन घटणे यांपैकी काही टिकून आहे. घरात क्षयाचा रोगी असेल, मधुमेह असेल, एचआयव्ही असेल किंवा मूल आजारी असेल, तर दोन आठवडेही थांबू नये.

१०. वर्गात विचारलेले प्रश्न

“गुरुजी, पोरीला क्षय झाला हे कळलं तर तिचं लग्न कसं व्हायचं?”

काकू, लपवलेला क्षय वाढतो आणि पुऱ्या औषधाने क्षय बरा होतो. बरी झालेली मुलगी संसार करते, तिला मुलेबाळे होतात. लग्नाची घाई करून औषध अर्धवट सोडू नका. आधी औषध, मग अक्षता.

“रोग्याचं ताट-वाटी वेगळी ठेवायची का?”

गरज नाही, दादा. खोकताना त्याने तोंडावर रुमाल किंवा पदर धरावा. खिडकी उघडी ठेवावी. कुठेही थुंकू नये. नियमाने औषध सुरू झाले, की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. वेगळे ताट ठेवून आपण माणसाचे मन मात्र मोडतो.

“लहान मुलाच्या डोक्याला झोपेत घाम येतो. ते काय?”

लहान मुलांना झोपेत घाम येतोच. मूल खेळते, जेवते, वजन वाढते, तर काळजी नको. वजन वाढत नसेल, ताप येत असेल किंवा दूध पिताना दम लागून घाम फुटत असेल, तर दाखवा.

“डॉक्टरांपुढं गेलं की काही आठवत नाही. मग काय करावं?”

याला उत्तम उपाय आहे. आता तुम्हाला लिहिता येते. वहीत लिहून ठेवा आणि वहीच पुढे करा. आठवण चुकते, वही चुकत नाही.

वहीत असे लिहा

तारीख. घाम आला का? कपडे बदलावे लागले का? संध्याकाळी ताप होता का? खोकला किती दिवसांचा? वजन किती? कोणती औषधे चालू आहेत?

दररोज एक ओळ पुरे. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर करावे.

लक्षात ठेवा

घाम हा रोग नव्हे, खूण आहे.
सगळ्यांना येतो तो उकाड्याचा, एकट्याला येतो तो पाहण्यासारखा.
घाम, खोकला, ताप आणि वजन घटणे: दोन आठवड्यांच्या आत तपासणी.
लाळ नको, बेडका द्या.
बरे वाटले तरी औषध पुरे करा.

नवे शब्द

बेडका: छातीतून खोकून निघणारा घट्ट कफ.
तुषार: अगदी बारीक थेंब.
निबर: टणक, दाद न देणारा.
नमुना: तपासणीसाठी दिलेला थोडा भाग.

प्रश्न

१. शिंप्याच्या बायकोने कोणत्या चार गोष्टी पाहिल्या?
२. बेडका उघड्या हवेत का काढावा?
३. आनंदीबाईंच्या काळी काय नव्हते, जे आज आहे?
४. गोळ्या मध्येच सोडल्या तर काय होते?
५. तुमच्या घराजवळचा सरकारी दवाखाना कोणता? तो कोणत्या दिवशी, किती वाजता उघडतो, हे विचारून वहीत लिहा.
६. हा धडा घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.